लिटरचा भाव आणि किलोमीटरचा खर्च

खासगी मोटार किती धावेल हे इंधनाच्या दरावर किती अवलंबून असते आणि गाडीच्या ॲव्हरेजवर किती, हा वाहतुकीच्या अर्थशास्त्रातला जुना प्रश्न आहे. गाडीमालकाच्या खिशाला लागणारा दर लिटरचा नसतो, किलोमीटरचा असतो. लिटरच्या भावाला ॲव्हरेजने भागले की तो निघतो. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी लिटरला २० किलोमीटर देत असेल, तर किलोमीटरला ५ रुपये २० पैसे पडतात. भाव दहा टक्के उतरला काय किंवा ॲव्हरेज तेवढ्याच प्रमाणात सुधारले काय, हिशेबात फारसा फरक नाही. वागण्यात मात्र पडतो. भाव पंपाच्या फलकावर ठळक आकड्यांत झळकतो आणि त्यावरून मोर्चे निघतात. ॲव्हरेज हळूहळू घसरते किंवा सुधारते, आणि बहुतेक मालकांना ते नव्या गाडीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांपुरतेच नेमके ठाऊक असते.

हा विषय महानगरांच्या चौकटीत मांडण्याची सवय आहे. मेट्रो, पार्किंग, वाहतूक कोंडी यांच्या गर्दीत इंधनाचा धागा तिथे हरवतो. महामार्गावरच्या एखाद्या मोठ्या गावात तो जास्त स्पष्ट दिसतो, आणि त्या दृष्टीने धुळे जिल्ह्यातील सोनगीरचे उदाहरण सोयीचे आहे. धुळ्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, जुन्या मुंबई–आग्रा रस्त्यावर म्हणजे आजच्या राष्ट्रीय महामार्ग ५२ वर हे गाव वसले आहे. डोंगरावरचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी या दोन गोष्टींसाठी ते खान्देशात ओळखले जाते. इथूनच चिमठाणेमार्गे दोंडाईच्याचा रस्ता फुटतो, आणि महामार्गाचा टोलनाकाही सोनगीरच्याच नावाचा आहे. रेल्वे गावात नाही. ती गाठायची तर तापी खोऱ्याच्या मार्गावरचे नरडाणे किंवा धुळे–चाळीसगाव फाट्यावरचे धुळे. बाजार, दवाखाना, कॉलेज, कोर्ट यांसाठी धुळे, उत्तरेकडच्या कामांसाठी शिरपूर, आणि नातलगांसाठी सुरत. उधना-लिंबायत भागात खान्देशी कुटुंबे इतकी आहेत की आखाजीला आणि लग्नसराईत एमएच १८ आणि जीजे ०५ पाटीच्या गाड्या एकाच अंगणात उभ्या दिसतात. शहरी सार्वजनिक वाहतूक नाही, कोंडी नाही, पार्किंगचा प्रश्न नाही. प्रवासाचा निर्णय अंतर, माणसे, इंधन आणि एसटी एवढ्यावर ठरतो.

आधी भावाचे पाहू. इंधन महाग होणे आणि त्यापायी वाहने थांबणे हे महाराष्ट्राला नवे नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मोटारी आणि बस कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या. मागे भट्टी बसवायची, ती पेटवायची, आणि वायू जमला की निघायचे. १९७३ च्या तेलसंकटात भाव वाढले तेव्हा १२ नोव्हेंबर रोजी अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. पण तेव्हा मोटारच मुळात मूठभरांकडे होती. त्यामुळे भाववाढीचा खासगी प्रवासावरचा परिणाम हा प्रश्न आपल्याकडे खऱ्या अर्थाने गेल्या तीन-चार दशकांतला आहे.

भाव ठरवण्याची पद्धत या काळात अनेकदा बदलली. सरकारी नियंत्रित दरांची व्यवस्था एप्रिल २००२ मध्ये कागदोपत्री संपली, तरी प्रत्यक्षात दर सरकारच्याच मर्जीने हलत राहिले. पेट्रोल २६ जून २०१० रोजी नियंत्रणमुक्त झाले. डिझेलला जानेवारी २०१३ पासून दरमहा पन्नास पैशांच्या आसपासची वाढ लागू झाली, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून दोन्हींचे दर रोज सकाळी सहाला बदलू लागले. यातून ग्राहकाला जागतिक बाजाराचा भाव दिसेल अशी अपेक्षा होती. तसे झाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. जानेवारी २०१६ मध्ये कच्चे तेल बॅरलमागे ३० डॉलरच्या खाली गेले, पण नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले आणि स्वस्ताईचा मोठा भाग तिजोरीत वळला. २०२० च्या टाळेबंदीत हेच पुन्हा घडले. रस्ते ओस, तेल मातीमोल, आणि पेट्रोलवरचे केंद्रीय शुल्क लिटरमागे ३२ रुपये ९८ पैशांवर. उलट ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस दर जागचे हलले नाहीत. उत्तर प्रदेश, पंजाब आणि इतर राज्यांच्या निवडणुका याच काळात झाल्या. मग २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ झाली आणि ६ एप्रिलला मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैशांवर पोचले. मे महिन्यात केंद्राने शुल्क आणि जुलैमध्ये राज्याने व्हॅट कमी केल्यावर ते १०६ रुपये ३१ पैशांवर आले, आणि मार्च २०२४ पर्यंत तिथेच थांबले. रोज बदलणारा म्हणवला जाणारा दर दीड वर्षाहून अधिक काळ एका पैशानेही बदलला नाही.

भाव गोठतो आणि मग एकदम उसळतो, तेव्हा लोक त्याचा अंदाज बांधणे सोडून देतात. रोजच्या चढ-उताराकडे पाहून आज जावे की उद्या, असा विचार खासगी मोटारवाला करत नाही. टाकी केव्हा भरायची एवढेच तो ठरवतो. उद्या भाव वाढणार अशी कुणकुण लागली की रात्री पंपावर रांग लागते. त्या रांगेने प्रवास एका किलोमीटरनेही कमी होत नाही.

भावाला भूगोलही असतो. धुळे परिसराला जवळचे मोठे तेल आगार मनमाडजवळ पानेवाडीला आहे. मुंबईहून येणारी भारत पेट्रोलियमची नळवाहिनी मनमाडला आणि तिथून पुढे इंदूरजवळच्या मांगल्याला जाते. आगारापासून पंप जितका लांब, तितका टँकरचा खर्च दरात मिळतो. २०२१ मध्ये परभणीचा दर राज्यात सर्वांत चढा म्हणून वारंवार बातमीत आला, त्यामागे हेच अंतर होते. पण वाहतुकीच्या या पैशांपेक्षा राज्याराज्यांतल्या करांचा फरक किती तरी मोठा. गुजरातेत पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी स्वस्त, तर मध्य प्रदेशात महाराष्ट्राहूनही काहीसे महाग. म्हणून नवापूरचा माणूस सीमेपलीकडच्या गुजरातच्या पंपावर टाकी भरून येतो, आणि सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून येणारा गाडीवाला पळासनेर-शिरपूरपर्यंत कळ काढतो. सोनगीरच्या माणसाने मात्र या फरकासाठी मुद्दाम नवापूर गाठले तर तो तोट्यात जाईल. ३५ लिटरच्या टाकीवर वाचणार साडेतीनशेच्या आत, आणि शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर जाऊन येण्यात जळणार हजारावर रुपयांचे तेल. सुरतेहून परतताना टाकी फुल करून घेणे, एवढेच शहाणपणाचे. सुरतेला राहणारा भाचा गाडी घेऊन येणार असेल तर देवदर्शनाचा बेत त्याच्या गाडीवर ढकलण्यामागेही कधी कधी हाच हिशेब असतो.

भाव वाढला की प्रवास किती घटतो याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. फिल गुडविन, जॉयस डारगे आणि मार्क हॅनली यांनी २००४ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. इंधनाची वास्तव किंमत दहा टक्क्यांनी वाढून तशीच टिकली, तर वर्षभरात रस्त्यावरची वाहतूक सुमारे एक टक्का घटते आणि काही वर्षांत तीन टक्के. इंधनाचा खप मात्र वर्षभरात अडीच टक्के आणि पुढे सहा टक्के घटतो. या दोन ओळींतला फरक नीट वाचण्यासारखा आहे. खप घटतो त्यातला निम्मा किंवा त्याहून अधिक भाग गाडी कमी चालवल्याने येत नाही. माणसे सावकाश चालवू लागतात, घरातल्या दोन गाड्यांपैकी कमी पिणारी बाहेर काढतात, आणि पुढची गाडी घेताना ॲव्हरेज बघतात. किंमत पाय बांधत नाही, ती गाडी बदलायला लावते.

हे आकडे मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत भारतात शंभरातल्या जेमतेम आठ घरांत मोटार दिसली; तिथे ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याकडे मोटारीला पर्याय म्हणून दुचाकी दारातच उभी असते. पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्षासाठी नील्सनने केलेल्या पाहणीत देशातले सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींत आणि ३४ टक्के मोटारींत जात असल्याचे आढळले होते. इंधन महागले की मोटारवाला घरी बसण्याआधी मोटारसायकलची किल्ली उचलतो.

सोनगीर–धुळे फेरीचा हिशेब मांडला की हे उघड होते. जाऊन-येऊन ४० किलोमीटर. महामार्गावर लिटरला २० देणारी छोटी पेट्रोल मोटार दोन लिटर घेते, म्हणजे १०४ च्या भावाने २०८ रुपये. मोटारसायकलला ५५ चे ॲव्हरेज धरले तर पाऊणशे रुपयांत काम होते. एसटीचे तिकीट सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात. जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा दहा रुपयांच्या आसपास गेला, तेव्हा वीस किलोमीटरचे चार टप्पे म्हणजे एका बाजूचे सुमारे ४० रुपये. मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट अर्धे आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत.

आता माणसे मोजायची. एकटा पुरुष निघाला तर एसटीचे ८० रुपये, मोटारीचे २०८. नवरा-बायको असतील तर १२० आणि २०८. दोन पुरुष, दोन बायका असतील तर एसटीचे २४० होतात आणि मोटारीचे तेल त्याहून स्वस्त पडते. पेट्रोल दहा रुपयांनी वाढले तर मोटारीची फेरी २२८ वर जाते. चौघांना ती अजूनही एसटीहून स्वस्त. एकट्याने जाणारा आधीच सव्वाशे रुपये जास्त मोजत होता, त्याला आणखी वीस रुपयांनी फारसे वाईट वाटत नाही. त्याने ते पैसे वेळेसाठी, सोबतच्या सामानासाठी किंवा चारचौघांतल्या प्रतिष्ठेसाठी मोजलेले असतात. दहा रुपयांची वाढ म्हणजे वर्तमानपत्रांत आठवडाभराचे मथळे, आणि या गणितात तिने एकाचाही निर्णय बदलला नाही. निर्णय बदलला तो गाडीत किती जण बसले यावरून, आणि महिलांच्या अर्ध्या तिकिटावरून. दोघांच्या प्रवासात एसटीला मोटारीपुढे एवढी आघाडी आहे ती त्या सवलतीमुळे. इंधनाच्या दरांवर जेवढी चर्चा होते तिच्या दशांशही या सवलतीच्या वाहतुकीवरील परिणामाची होत नाही.

या हिशेबात एक गफलत नेहमी होते. मोटारीच्या बाजूला फक्त तेल धरले जाते. विमा, टायर, सर्व्हिसिंग, घसारा आणि कर्जाचा हप्ता बाजूला राहतात. गाडी दारात आली की ते खर्च झालेलेच असतात, म्हणून पुढच्या फेरीला ते आठवत नाहीत. हप्ता भरणाऱ्याला तर गाडी उभी ठेवणेच नुकसानीचे वाटते.

पंपावरची भाषाही लक्षात घ्यावी लागते. टाकी फुल करणारे थोडे, 'दोनशेचं टाक', 'पाचशेचं टाक' म्हणणारे जास्त. खरेदी रुपयांत होते, लिटरांत होत नाही. भाव वाढला तरी नोट तीच राहते, तेल मात्र कमी येते. पहिल्या आठवड्यात त्यामुळे प्रवास घटल्यासारखा भासतो, पण काटा रिझर्व्हला लवकर टेकतो आणि पंपाची फेरी लवकर होते. खरी काटकसर होते ती तिसऱ्या-चौथ्या पाचशेच्या वेळी, आणि तीही आधी हौसेच्या फेऱ्यांत. शनिवारचे हॉटेल आणि शिरपूरची सहज चक्कर गळते. दवाखाना, लग्न, दहावा आणि बाजार समितीचे काम गळत नाही. लग्नाला दोन गाड्यांऐवजी एक जाते आणि मागच्या सीटवर तिघांऐवजी चौघे बसतात.

पर्याय नाहीसा झाला तर भावाचा परिणाम काय उरतो, याचा एक प्रयोग नकळत महाराष्ट्रात होऊन गेला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्यास सांगेपर्यंत तो रेंगाळला. म्हणजे इंधनाने राज्याच्या इतिहासातला तोवरचा उच्चांक गाठला तेव्हा गावोगावच्या थांब्यांवर लाल गाडी येत नव्हती. खान्देशातल्या माणसाने अशा वेळी जे केले ते पाठ्यपुस्तकातल्या मागणीच्या वक्राला धरून नव्हते. इंधन सर्वांत महाग असताना खासगी वाहन सर्वांत जास्त वापरावे लागले. काळी-पिवळी जीप, ॲपे रिक्षा, शेजाऱ्याची मोटार, मोटारसायकलवर तिघे, जे मिळेल ते. एसटीचे भाडेही डिझेलवरच हलते, हेही विसरून चालत नाही. संपाच्या ऐन तोंडावर, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ते १७.१७ टक्क्यांनी वाढले होते. इंधन महागले की मोटारीबरोबर तिचा पर्यायही महागतो. दोन्हींमधले अंतर कायम राहिले तर एकातून दुसऱ्यात जाण्याचे कारणच उरत नाही.

आता ॲव्हरेजकडे वळू. जाहिरातीत छापला जाणारा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचणीतून येतो. गाडी रस्त्यावर धावत नाही. चाके रोलरवर फिरतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवला, कमी केला जातो. या भारतीय चालन-चक्रात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, आणि एसी बंद. खान्देशात मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो आणि काच खाली केली तर झळ तोंडावर येते. तिथे एसी बंद ठेवून जाणारा गाडीवाला शोधावा लागेल. छोट्या फेरीत कडक उन्हात एसीपायी ॲव्हरेज पाव हिश्शाने घसरू शकते, कारण तापलेली गाडी थंड होईपर्यंतच गाव येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून चौपदरी रस्त्यावर ८० ऐवजी ११० ने जाणाऱ्याला वाचलेल्या मिनिटांची किंमत तेलात मोजावी लागते. धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा घाट, उत्तरेला सातपुड्यात बिजासनचा. भरलेली गाडी तिथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढते तेव्हा ब्रोशरमधला आकडा हसण्यावारी न्यावा असाच ठरतो.

यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणले गेले आणि त्या वर्षी ई-२० देशभर सर्रास मिळू लागले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही घट ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांत एक-दोन टक्के आणि इतरांत तीन ते सहा टक्के सांगितली. लिटरला १८ देणाऱ्या गाडीचे सहा टक्के म्हणजे एक किलोमीटरहून थोडे जास्त. पैशांत सांगायचे तर लिटरमागे सहा रुपयांची भाववाढ, फलकावरचा आकडा न बदलता झालेली. ऊस आणि मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला यातून बाजार मिळतो आणि परकीय चलन वाचते, हे खरे. पण वापराच्या अंगाने ही दरवाढच आहे, आणि तिची चर्चा तशीच व्हायला हवी.

भावाचा सर्वांत खोल ठसा उमटतो तो गाडीच्या निवडीवर. महिंद्राच्या जीपमध्ये पेट्रोल इंजिनाच्या जागी प्यूजोचे डिझेल इंजिन आले आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या रस्त्यांचा आवाजच बदलला. कमांडर, मार्शल, मॅक्स या गाड्यांनी खान्देशातली वडापाची व्यवस्था उभी केली ती स्वस्त डिझेलच्या आणि दाटीवाटीने भरलेल्या सीटांच्या बळावर. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाने डिझेल घरगुती मोटारीत रुजवले. पेट्रोल मुक्त आणि डिझेल नियंत्रित अशा २०१० ते २०१४ च्या काळात तर डिझेल मोटारींची झुंबड उडाली. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर आणि डिझेल ४१ च्या आत होते. पेट्रोल गाडी १६ आणि डिझेल २० चे ॲव्हरेज देते असे धरले तर किलोमीटरमागे अडीच रुपये वाचत, आणि डिझेल गाडीला जास्त मोजलेले लाखभर रुपये ४० हजार किलोमीटरांत फिटत. त्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. शेतकऱ्यासाठी आणि ट्रकसाठी स्वस्त ठेवलेले इंधन सधन घरांच्या मोटारींत जाऊ लागले, हा सरकारी धोरणाचा उघड पराभव होता.

पुढे चित्र उलटले. दोन्ही इंधने मुक्त झाली, दरांतले अंतर महाराष्ट्रात तेरा-चौदा रुपयांवर आले, आणि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे डिझेल गाडी आणखी महागली. मारुतीने तेव्हा डिझेल मोटारी बंदच केल्या. आज १८ देणारी पेट्रोल आणि २२ देणारी डिझेल यांत किलोमीटरमागे दीड-पावणेदोन रुपयांचा फरक पडतो, तर किमतीतला फरक सव्वा लाख धरला तर तो फिटायला ७५ हजार किलोमीटर लागतात. वर्षाला दहा हजार चालवणाऱ्याची सात-साडेसात वर्षे त्यातच जातात. म्हणून आता डिझेल घेणारा एक तर रोज लांब जाणारा असतो, नाही तर बोलेरोशिवाय दुसरे काही न पटणारा.

गाडी काटकसरी झाली की तेल वाचते, हे गृहीतक मात्र तपासून घ्यावे लागते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाविषयी लिहिताना दाखवले की वाफेचे इंजिन सुधारल्यावर ब्रिटनचा कोळसा वाचला नाही, उलट त्याचा खप वाढला. मोटारीतही किलोमीटर स्वस्त झाला की फेऱ्या वाढतात. डॅनियल खझूम यांनी १९८० मध्ये हा मुद्दा घरगुती उपकरणांच्या निमित्ताने पुन्हा पुढे आणला. केनेथ स्मॉल आणि कर्ट व्हॅन डेंडर यांनी अमेरिकेतल्या १९६६ ते २००१ च्या आकडेवारीवरून काढले की ॲव्हरेज सुधारून जेवढे इंधन वाचायला हवे, त्यातला साडेचार टक्के भाग लगेच आणि २२ टक्के दीर्घकाळात जास्त चालवण्यात जातो. उत्पन्न वाढते तसा हा भाग आकसतो, कारण श्रीमंताचा वेळ तेलापेक्षा महाग होतो. १९९७–२००१ साठी तो अनुक्रमे २.२ आणि १०.७ टक्के निघाला. ज्या समाजात अजून अनेक फेऱ्या पैशाअभावी मनातच राहतात, तिथे तो मोठा असणार हे तर्काला धरून आहे.

आपल्याकडे वाचलेली कार्यक्षमता आणखी एका वाटेने जाते. उत्पादकांच्या सर्व गाड्यांच्या सरासरी उत्सर्जनावर मर्यादा घालणारे नियम २०१७–१८ पासून आले. पहिल्या टप्प्यात किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, २०२२–२३ पासून ११३ ग्रॅम. ही मर्यादा गाडीच्या वजनाशी बांधलेली आहे, म्हणजे जड गाड्या बनवणाऱ्याला सूट जास्त. इंजिने सुधारली, पण त्याच काळात ग्राहक उंच आणि जड गाड्यांकडे वळला, आणि आता नव्या प्रवासी गाड्यांत एसयूव्ही प्रकारच्या निम्म्याहून अधिक आहेत. इंजिनाने वाचवलेले तेल पत्र्याने आणि उंचीने पिऊन टाकले. खान्देशातल्या खराब जोडरस्त्यांमुळे उंच गाडीला सोयीचे कारण आहे, हे मान्यच. पण धुळ्याच्या चौपदरीवरून रोज जा-ये करणाऱ्याला ते कारण पुरत नाही.

भाव वाढूनही मोटारी का वाढतात, या कोड्याचे उत्तर उत्पन्नात आहे. देशाचे दरडोई निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न चालू किमतींनुसार २०११–१२ मध्ये ६३,४६२ रुपये होते, ते २०२३–२४ मध्ये १ लाख ८४ हजारांच्या वर गेले. जवळपास तिप्पट. मुंबईतले पेट्रोल त्याच काळात सत्तरीच्या आसपासून १०४ वर आले, म्हणजे दीडपट. कमाईच्या मापाने पाहिले तर पेट्रोल स्वस्त झाले. देशातला पेट्रोलचा खप २०१०–११ मध्ये १.४२ कोटी टन होता, २०२३–२४ मध्ये ३.७२ कोटी टन झाला. सरासरीचा हा दिलासा सगळ्यांना सारखा मिळत नाही. धुळे आणि नंदुरबार हे राज्याच्या सरासरीहून कमी उत्पन्नाचे जिल्हे आहेत, आणि कापसाचा-कांद्याचा भाव पडलेल्या वर्षी शेतकऱ्याची मोटार दारात उभी राहते ती पंपावरच्या फलकामुळे नव्हे.

पुढच्या काळात लिटरचा भाव या चर्चेच्या मध्यातून सरकण्याची चिन्हे आहेत. विजेच्या गाडीला लिटरच नाही. तिचा किलोमीटर स्वस्त आणि गाडी महाग, म्हणून ती जास्त चालवणाऱ्यालाच परवडते. महामार्गावरच्या गावात टोलही तेलाइतकाच मोजावा लागतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींना राष्ट्रीय महामार्गांसाठी ३,००० रुपयांत वर्षभराचा किंवा २०० फेऱ्यांचा फास्टॅग पास मिळू लागला. पास काढला की पुढची फेरी टोलपुरती फुकट वाटते आणि गाडी जास्त निघते. सरकारने एका हाताने इथेनॉलद्वारे किलोमीटर महाग केला, दुसऱ्या हाताने पासाद्वारे स्वस्त. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेला ३०९ किलोमीटरचा मनमाड–इंदूर रेल्वेमार्ग धुळे-शिरपूरवरून जाणार आहे. तो धावू लागला तर या पट्ट्यात मोटारीला खरा लांब पल्ल्याचा पर्याय पहिल्यांदा मिळेल.

हा विषय पुढे अभ्यासायचा तर मोजमापाची गरज आहे. जिल्ह्यातल्या पंपांवरची विक्री हे वापराचे माप म्हणून चालत नाही. महामार्गावरच्या पंपांतले तेल बहुतांशी इंदूर-मुंबईच्या ट्रकांत जाते, आणि गावच्या मोटारीतले थोडेफार सुरतेहून आलेले असते. नोंदणीचे आकडे गाड्या किती हे सांगतात, त्या किती चालल्या हे सांगत नाहीत. इंधनावर चालणाऱ्या प्रत्येक मोटारीला ठरावीक काळाने पीयूसी करावीच लागते. त्याच वेळी ओडोमीटरचा आकडा सक्तीने नोंदवून परिवहन विभागाने तो जिल्हावार, इंधनवार प्रसिद्ध करावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, नवा कायदाही बहुधा लागणार नाही, आणि धुळे जिल्ह्यापासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.